मागे कोण उभं आहे

माझ्याकडे बास्केटबॉलची एकसष्ट कार्डं आहेत. पत्त्यांपेक्षा किंचित मोठी, जाड कागदाची. पुढच्या बाजूला खेळाडूचा फोटो, मागच्या बाजूला त्याची उंची, वजन आणि गुणांचा तक्ता. या एकसष्टातलं एकही कार्ड त्याचं नाही, आणि तरी तो एकसष्टांवर आहे. पुढे दुसराच कुणी तरी उडी मारत असतो, खाली नावही त्या दुसऱ्याचं छापलेलं असतं, आणि मागे, कधी खांद्यावरून, कधी काखेतून, तो दिसतो. तो म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा खेळाडू. नाव लिहीत नाही. ज्यांना तो खेळ माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

लोक त्याची कार्डं जमवतात. मी तो मागे उभा असलेली कार्डं जमवते. माझा नवरा म्हणतो, हे म्हणजे लग्नाला जाऊन नवरा-नवरी सोडून आचाऱ्याचा फोटो काढण्यासारखं आहे. त्याचं म्हणणं मला पटतं, पण खोड जात नाही. आणि ही खोड मला लावली आईने, जिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

बाबा तेव्हा न्हावा शेवाला एका शिपिंग एजंटकडे बोर्डिंग क्लार्क होते. बंदरात जहाज लागलं की कागदपत्रांची पिशवी घेऊन शिडीने वर चढायचं, कॅप्टनच्या सह्या घ्यायच्या आणि उतरायचं, हे त्यांचं काम. जहाजावरचे खलाशी कधी साबण द्यायचे, कधी चॉकलेट. एकदा एका फिलिपिनो खलाशाने रबर लावलेली बारा कार्डं दिली. त्या लोकांना बास्केटबॉलचं भारी वेड. बाबांनी त्याला सांगितलं होतं की माझी मुलगी शाळेत हा खेळ शिकतेय, तेव्हा त्याने स्वतःकडची जादाची कार्डं काढून दिली. जादाची म्हणजे कुणालाच नको असलेली, हे मला घरी रबर काढल्यावर कळलं.

आमच्या नेरूळच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक मुलगा होता. त्याच्या दुबईच्या मामाने त्याला खुद्द त्या खेळाडूचं कार्ड आणलं होतं. ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून तो जिन्यात उभा राहायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्यामुळे माझ्या बारा अनोळखी लोकांना बघून माझं डोकंच फिरलं. मी ती कार्डं पलंगावर फेकली आणि म्हटलं, "ह्यात तो नाहीच आहे! काय करू मी ह्यांचं?"

आई खाली बसून तांदूळ निवडत होती. तिने हात पुसला, एक कार्ड उचललं, जरा लांब धरलं आणि डोळे बारीक केले.

"मग ह्यो मागं कोण?" ती म्हणाली.

मागे, कडेला, एक जण कमरेवर उलटा हात ठेवून उभा होता. म्हणजे तळहात बाहेर आणि मनगट कमरेला टेकलेलं. त्या वरच्या मजल्यावरच्या कार्डावर तो असाच उभा होता. आईने ते कार्ड जिन्यात येता-जाता एकदा पाहिलं होतं, फक्त एकदा.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," असं म्हणून ती पुन्हा तांदळाकडे वळली. मग तिलाच राहवेना. आम्ही दोघींनी बाराच्या बारा कार्डं तांदळासारखी निवडली. तीन निघाली. दोन तिने शोधली, एक मी. तिसऱ्यावर त्याची नुसती पाठ होती. मी म्हटलं, "हा तोच कशावरून?"

"पाठीवरनं माणूस वळखू येत न्हाई व्हय? तुझ्या बाबाला मी साताऱ्याच्या स्टँडवर कायम पाठीवरनंच हुडकलाय."

तिथून ते सुरू झालं. पुढे बाबा जहाजावरून कार्डं आणायचे आणि मी शाळेतून यायच्या आत आईने बघून ठेवलेली असायची. तिला त्याचं नाव नीट घेता यायचं नाही. ती त्याला 'उलट्या हाताचा' म्हणायची. "आज उलट्या हाताचा सापडला गं," असं दारातच सांगायची. माझ्या लहानपणी मला इतका आनंद दुसऱ्या कुठल्या वाक्याने झालेला आठवत नाही.

आईचं आणखी एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिला चुरस सोसायची नाही. घरात क्रिकेटची मॅच लागली की ती बाबांच्या शेजारी बसून बघायची, बॉलरला शिव्या घालायची, सगळं करायची. पण शेवटची ओव्हर आली की उठून ओट्याशी जायची आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहायची. भांडी घासते आहे असं दाखवायची, पण नळ बंद असायचा. तिथूनच विचारायची, "झालं का?" बाबा सांगायचे, "दोन बॉल राहिले." पुन्हा, "झालं का?" शेवटी बाबा म्हणायचे, "झालं गं. वळ आता." जिंकलो तरी तेच आणि हरलो तरी तेच. तोंडाकडे बघून काय ते तिला कळायचं.

मी आठवीत शाळेच्या संघात आले. उंच होते, बाकी फार काही नव्हतं. पहिली मॅच आमच्याच शाळेत होती आणि आई बघायला आली. समोरच्या संघातल्या एका मुलीने मला कोपराने ढकललं आणि मी पडले. पंचांनी शिटी वाजवायच्या आत आई चपला घालून थेट मैदानात. "ओ मास्तर! डोळं फुटलं का? ढकललंय तिला!" पंच गोंधळले. दोन्ही संघांतल्या मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. आमचे सर आईला हाताला धरल्यासारखं करून बाहेर घेऊन गेले. जाताना ती मला विचारत होती, "लागलं का बाळ?"

घरी येऊन मी तिला म्हटलं, "तू परत कधी मॅचला यायचं नाहीस. मला लाज वाटते तुझी."

उचलली जीभ लावली टाळ्याला. चौदा वर्षांच्या पोरीची जीभ ती. तिने माझ्याकडे बघितलं, मग पदर खोचला आणि म्हणाली, "बरं." एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. आई कुणाशीही भांडायची, भाजीवाल्याशी, वॉचमनशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी. माझ्याशी नाही भांडली.

त्यानंतर ती आली नाही. नववीत नाही, दहावीत नाही. दहावीच्या वर्षी आम्ही शाळांच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेलो. सामना पनवेलला होता, रस्त्याकडेच्या एका शाळेच्या मैदानावर. सकाळी निघताना मला वाटत होतं की तिने म्हणावं, येऊ का? तिने म्हटलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी चपात्यांचा डबा घेतला आणि निघाले.

शेवटच्या काही सेकंदांत आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि मला दोन फ्री थ्रो मिळाले, एकेका गुणाचे. पहिला बास्केटमध्ये गेला. दुसरा रिंगवर आपटला, एक गिरकी घेतली आणि बाहेर पडला. एका गुणाने हरलो. बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून नेरूळपर्यंत रडले.

घरी आले तर आईने काहीच विचारलं नाही. काय झालं, जिंकलात का, काही नाही. ताटलीत पेरूच्या फोडी होत्या, तिखट-मीठ लावलेल्या. "खा आधी," म्हणाली. मी खाल्ल्या. ती शेजारी बसून राहिली. मला वाटलं, हिच्या मनात अजून ते आहे. तू येऊ नकोस म्हटलं होतंस ना, मग मी विचारणारही नाही. मी तिला आपणहून काही सांगितलं नाही. आम्हा दोघींच्याही नाकावर राग असायचा. आपण आईला एकदा बोलून गेलो आणि ती आपला खेळ कधी बघू शकली नाही, हे मी पुढे जवळजवळ तीस वर्षं उरात घेऊन फिरले. विषय निघाला नाही असं नाही. निघाला की दोघींपैकी एक जण चहा ठेवायला उठायची.

कार्डांचं मात्र चालू राहिलं. मी लग्न होऊन कामोठ्याला आले, कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला लागले, दिवसभर विद्यार्थ्यांच्या अर्जांवरचे फोटो तपासू लागले. कार्डं आता ऑनलाइन मागवता येतात. जगभर माझ्यासारखे वेडे आहेत. ते एकमेकांना फोटो पाठवून वाद घालतात की मागचा तो अंधूक कोपर त्याचा की दुसऱ्याचा. पायमोजे बघायचे, मनगटावरची पट्टी बघायची, उभं राहायची तऱ्हा बघायची. पाकीट आलं की मी रविवारी नेरूळला न्यायचे. आई चष्मा लावायची, कार्ड लांब धरायची. सत्तरीतही तिचा निकाल चुकायचा नाही. "ह्यो न्हवं. तुला फसवलं," असं दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा खरं निघालं.

गेल्या वर्षी आई गेली. आजारी म्हणावी अशी नव्हती. सकाळी छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत संपलं. त्याबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही.

तेराव्याला फोटो लागतो. हार घालायला, समोर ताट ठेवायला. आणि आईचा फोटोच नव्हता. लग्नाचा अल्बम माळ्यावर बुरशी लागून केव्हाच गेला होता. मोबाइल काढला की ती हात पुढे करायची, "मला नको काढू गं." माझ्या फोनमध्ये आईचा तळहात आठ वेळा आहे. शेवटी आधार कार्डावरचा फोटो घेऊन मी स्टुडिओत गेले. त्या मुलाने कॉम्प्युटरवर गळ्यापासून खाली तयार असलेल्या बायका दाखवल्या. हिरव्या शालूतली, लाल साडीतली, जांभळ्या पैठणीतली. "मॅडम, कुठल्या साडीवर चेहरा लावू?" मी कुठल्या मनःस्थितीत होते देव जाणे, मी म्हटलं जांभळी. आईने जन्मात जांभळी साडी नेसली नव्हती. त्याने गळ्यात तीन हार घातले, नाकात नथ घातली, आणि न सांगता रंगही उजळ करून दिला.

बाबांनी तो फोटो पाहिला आणि विचारलं, "ही कुणाची बायको?" मला वाटलं, दुःखात आहेत म्हणून बोलतायत. फोटो भिंतीवर लागला. जेवायच्या टेबलासमोर, बाबांच्या खुर्चीच्या अगदी समोर.

आठ-नऊ महिन्यांनी एका रविवारी मी गेले तर भिंतीवर नुसता खिळा होता. फोटो कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते हातातल्या चहाकडे बघत म्हणाले, "तुला एक सांगू? डोळं मिटलं की ती जांभळ्या साडीतली बाई येती. तुझी आई येतच न्हाई. लई दिवस झालं. तोंडच आठवंना मला तिचं." आधार कार्ड काढून दाखवलं तर त्यातही त्यांना तीच बाई दिसली, कारण चेहरा तिथूनच घेतलेला.

आई एकदा गेली ती गेली, पण बाबांच्या डोळ्यांसमोरून तिला घालवली ती मी. त्या स्टुडिओत बसून, बोट दाखवून.

वर्षश्राद्धाला तीन महिने होते. मी ठरवलं की त्याआधी बाबांना त्यांची बायको परत आणून द्यायची. आणि मला एकच काम येतं: दुसऱ्यांच्या फोटोंत मागे उभं असलेलं माणूस शोधणं.

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. जुने अल्बम असतील तर द्या, गणपतीचे, हळदीकुंकवाचे, बारशाचे. लोक चांगले असतात, फक्त त्यांना नेमकं काय हवं ते सांगावं लागतं. पिशव्या भरून अल्बम आले. मी भिंग घेऊन बसले. सत्यनारायणाच्या पूजेत खांबाआडून प्रसादाची वाटी धरलेला एक हात सापडला. कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाला केकच्या मागे अर्धा कान आणि कुडी. इतकी वर्षं मी एका परक्या माणसाचा कोपर ओळखत आले, आईचा ओळखणार नाही? पण बाबांना हे तुकडे दाखवले की ते समजूतदारपणे मान हलवायचे. "व्हय, हात तिचाच हाय," म्हणायचे आणि अल्बम मिटायचे. हाताने त्यांचं काम होणार नव्हतं.

मग मला आमच्या संघातली एक मैत्रीण आठवली. तिचे वडील प्रत्येक मॅचला कॅमेरा घेऊन यायचे. मी तिला फोन केला, खरं तर फारशी आशा न ठेवता, कारण मॅचच्या फोटोंत आई असण्याचं कारणच नव्हतं. फार तर त्या पहिल्या मॅचचा, पंचांशी भांडतानाचा एखादा असेल. तिने चार दिवसांनी सगळे फोटो स्कॅन करून पाठवले. पहिल्या मॅचचा एकही नव्हता. पनवेलचे बारा होते.

त्यातला नववा, शेवटच्या फ्री थ्रोचा. बास्केटखालून काढलेला. पुढे मी, चेंडू नुकताच हातातून सुटलेला, बोटं अजून वर. माझ्यामागे मैदान, मैदानाच्या पलीकडे लोखंडी रेलिंग, रेलिंगला टेकलेली माणसं. सगळ्यांच्या माना वर, सगळ्यांचे डोळे चेंडूवर. आणि रेलिंगच्या पलीकडे, रस्त्याकडेच्या पेरूच्या गाडीसमोर, एक पाठ. अख्ख्या फोटोत एकच माणूस मैदानाकडे पाठ करून उभं होतं.

अंबाडा तिचा वाटला. पण अंबाडे शंभर बायकांचे असतात. मी फोटो मोठा केला. खांद्याला निळी पिशवी, तिच्यावर पांढरी पट्टी. ती पिशवी मी कुठेही ओळखली असती. माझा पाचवीचा पिनाफोर आखूड झाला तेव्हा आईने त्याची बाजाराची पिशवी शिवली होती, कमरपट्ट्याचे बंद करून. जगात तशी दुसरी पिशवी नव्हती.

आई आली होती. नेरूळहून बस पकडून, मला न सांगता, पनवेलपर्यंत. मी टेबलावर डोकं ठेवून किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. आणि मग, खोटं कशाला बोलू, मला राग आला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या थ्रोला माझी आई पेरू निवडत होती! इतक्या लांब यायचं आणि नेमक्या त्या क्षणाला पाठ फिरवायची. गेलेल्या माणसावर असा राग येतो तेव्हा तो ठेवायचा कुठे तेही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोटोची मोठी प्रिंट काढून बाबांकडे नेली. पाठच होती, त्यांना हवा होता चेहरा, म्हणून द्यावी की नाही असंही वाटत होतं. मी काही सांगितलं नाही. नुसती समोर ठेवली आणि म्हटलं, "बाबा, मागे बघा."

त्यांनी चष्मा पुसला. बोट माझ्यावरून, रेलिंगवरून सरकत गेलं आणि थांबलं.

"हीच की," ते म्हणाले. "हीच."

"चेहरा नाही दिसत, बाबा."

"तोंड कशाला पायजे? ह्या खुर्चीत बसून चाळीस वर्सं ही पाठ बघितली मी. ओट्याशी उभी असलेली. तोंडापेक्षा पाठच जास्त बघितली."

मी म्हटलं, "बघा ना, एवढी आली आणि माझ्या थ्रोच्या वेळी पेरू घेत बसली."

बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी अजून आठवीतच आहे. "पेरू कुठं घेतीय ती? हात बघ की. दोन्ही हात पिशवीच्या बंदाला गच्च धरलेत. शेवटची ओव्हर हाय ही. तिला बघवंना म्हणून वळलीय." मग त्यांनी बोट जरा पुढे सरकवलं. "आणि ह्यो पेरूवाला बघ."

मी तीनशे वेळा तो फोटो पाहिला होता आणि पेरूवाल्याकडे बघितलंच नव्हतं. तो आईच्या खांद्यावरून मैदानाकडे बघत होता. हातातली तागडी तशीच अधांतरी, तोंड उघडं. काही तरी बोलत होता.

"ही त्याला इचारतीय, झालं का?" बाबा म्हणाले. "आणि त्यो सांगतोय."

मागे कोण आहे ते बघायचं मी आईकडून शिकले. त्याच्याही मागे कोण आहे ते बघायचं राहूनच गेलं होतं. त्या संध्याकाळचे पेरू मला आठवले. तो बिचारा तिला एकेक थ्रो सांगत राहिला, म्हणून तिने त्याच्याकडून पेरू घेतले असणार. आणि घरी येऊन तिने मला काही विचारलं नाही, कारण तिला ठाऊक होतं. एक गेला, एक हुकला. ती रागावलेली नव्हती. ती माझ्याआधी घरी पोचून फोडी करून बसली होती. मी बाबांसमोर तोंडावर ओढणी धरून मनसोक्त रडले आणि बाबांनी मला रडू दिलं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी साताऱ्याहून आत्या आल्या. बाबांच्या थोरल्या बहीण, विधींच्या बाबतीत कडक. भिंतीवर बास्केटबॉलचा फोटो बघून त्या म्हणाल्या, "हे काय? आन् हार कुणाला घालायचा? पुढं तर ही पोर हाय! जित्या पोरीच्या फोटूला हार? आगं देवा!"

खरंच, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मला पुढून कापून मागचं मोठं करावं तर आई म्हणून नुसते करडे ठिपके उरत होते. कार्ड कापायचं नसतं हे तर कुणीही सांगेल. आत्या म्हणाल्या, तो जांभळ्या साडीतला काढा, चांगला तर होता. बाबा म्हणाले, "न्हाई." आत्या म्हणाल्या, लोक काय म्हणतील, पाठ करून उभी राहिलेली बाई कुणी भिंतीवर लावतं का?

"हार नको," बाबा म्हणाले. "तिला तसंबी गळ्यात काय आवडायचं न्हाई." आत्यांनी कपाळावर हात मारला, पण भावापुढे त्यांचं फार चाललं नाही. त्यांनीच मग मला विचारलं की आईला काय आवडायचं. मी ताटात इतर पदार्थांबरोबर पेरूच्या चार फोडी ठेवल्या, तिखट-मीठ लावून.

जेवणं उरकली, माणसं पांगली. आत्या आत पडल्या होत्या. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. बाबा उठून फोटोपुढे जाऊन उभे राहिल्याचं मला दिसलं. ते भिंतीला एक हात टेकून, फोटोच्या अगदी जवळ तोंड नेऊन उभे होते. मी नळ बंद केला.

"झालं गं," ते म्हणाले. "वळ आता."

मी ओट्याशीच राहिले. त्यांच्याकडे पाठ करून.

त्या रात्री मी नेरूळलाच थांबले. सकाळी चहा ठेवला आणि बाबांना हाक मारली. ते खुर्चीत येऊन बसले, दोन घोट घेतले, मग कप खाली ठेवला.

"रात्री वळली ती," ते म्हणाले.

त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली, आई सरकवायची तशी, आणि म्हणाले, "जांभळी साडी नव्हती."